सातव्या ओळीतल्या हिरव्या चिठ्ठ्या

त्या रविवारी जेवताना गेर्लिंडे क्रेचमार कुणालाच टोचून बोलली नाही. काहीतरी बिनसलंय हे घरातल्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

एरवी नोव्हेंबरातला हा मृतांचा रविवार आला की तिच्या जिभेला धार चढे. सून रामोनाचे बटाट्याचे गोळे उकडताना फुटले की म्हणे, गोळे कुठंयत, मला तर लापशीच दिसतेय. मुलगी मार्गिट लाइप्झिगहून आली की केसांचा रंग या खेपेला कुणाला घाबरून बदलला, हे विचारल्याशिवाय तिला कोट काढू देत नसे. आज गोळे फुटले होते आणि मार्गिटचे केस तांबडे होते, पण म्हातारी खाली मान घालून लाल कोबी चिवडत बसली होती. दाराशी पाइनच्या डहाळ्यांनी भरलेली बादली तयार होती. कडाका पडायच्या आत थडग्यांवर डहाळ्यांचं पांघरूण घालायचं, मेणबत्ती लावायची आणि घरी येऊन कॉफी प्यायची. नीडरवाल्डात हा दिवस वर्षानुवर्षं असाच जात आला होता.

यंदा मात्र तीन वाजता दफनभूमीत फक्त घरचीच माणसं जमणार नव्हती.

थोरल्या मुलाचा, फोल्करचा फोन ताटाशेजारी काट्याचमच्यासारखा मांडलेला होता आणि दर मिनिटाला थरथरत होता. फोल्कर छप्पन्न वर्षांचा होता. गावची कापडगिरणी बंद पडली तेव्हा अठ्ठावीसचा असेल. तेव्हापासून तो लोकांच्या घरातले पाणी तापवायचे बंब दुरुस्त करत फिरे आणि संध्याकाळी फोनवर 'नीडरवाल्डा जागं आहे' नावाचा गट चालवी. त्याचं म्हणणं असं, की वर बसलेल्यांनी सगळं फार आधीच ठरवून ठेवलंय. आपल्या लोकांना मुलं होऊ द्यायची नाहीत, बाहेरून माणसं आणून भरायची आणि एक दिवस देशच्या देश बदलून टाकायचा. याला तो मोठी अदलाबदल म्हणे. गेर्लिंडेनं ते वर्षानुवर्षं एका कानानं ऐकलं होतं. माझ्या बदली कोणी आणलाच तर त्याला आधी माझे गुडघे दे, असं ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. फोल्करसुद्धा.

गुरुवारी तो बापाच्या थडग्याचा दगड घासायला गेला आणि दगडावर हिरवी चिठ्ठी चिकटवलेली पाहिली. जागेची मुदत संपली, थडगं काढण्यात येईल. एकट्या आर्नो क्रेचमारवर नव्हे, सातव्या ओळीतल्या अकरा दगडांवर. अकराव्या दगडापाशी केशरी जाकीट घातलेला नादिर उभा होता, दफनभूमीचा माळी. हातात चिठ्ठ्यांची गुंडाळी. फोल्करनं फोटो काढला. खाली लिहिलं, जित्यांची अदलाबदल चालूच होती, आता मेलेल्यांची सुरू झाली. भिंतीकडची ओसाड पट्टी नगरपालिकेनं दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या नव्या लोकांच्या थडग्यांसाठी दिली होती हे गावाला ठाऊक होतंच. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. रविवार उजाडेपर्यंत चाळीस हजार माणसांनी तो फोटो पाहिला होता. त्यातल्या निम्म्यांना नीडरवाल्डा नकाशात सापडलं नसतं.

मार्गिटनं जेवणही संपू दिलं नाही. थडग्याची जागा पंचवीस वर्षांच्याच कराराची असते, मुदत संपली आणि कुणी ती वाढवली नाही की चिठ्ठ्या लागतातच, आपल्या आत्याच्या दगडावरही लागली होती, तेव्हा तू कुणाच्या नावानं बोंबललास, असं तिनं भावाला विचारलं. फोल्कर म्हणाला, एकाला लागली तर मुदत. अकरा एका ओळीत लागल्या तर तो बेत. मार्गिट म्हणाली, ती सगळी एकाच वर्षी गेलेली गिरणीची माणसं आहेत, एका ओळीत पुरली म्हणून एका ओळीत संपली. आणि त्यांची मुलं पश्चिम जर्मनीकडं निघून गेली, कार्यालयाच्या पत्राला उत्तर कोण देणार?

"आपल्या बाबांची मुलं कुठं गेली नाहीत," फोल्कर म्हणाला. "निदान एक तरी. आई इथंच आहे, मी इथंच आहे. आईनं बाबांचं थडगं काढायला दिलं असतं का? विचार तिला. पंचवीस वर्षं एक रविवार चुकवला नाही तिनं. मग ही चिठ्ठी आली कुठून?"

आणि तो आईकडं वळून तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, तू काळजी करू नकोस, आज तीन वाजता सगळ्यांसमोर मी विचारतो. लोक येताहेत. झिटाउहून, गोर्लिट्सहून गाड्या भरून येताहेत.

गेर्लिंडेनं हात काढून घेतला आणि ताटं गोळा करायला उठली.

तिला वाटलं होतं, हे आपोआप विरेल. फोनवरचं भांडण फोनवरच संपतं, हे तिनं पाहिलं होतं. चार लोक येतील, मेणबत्त्या लावतील, फोल्करला दोन दिवस बरं वाटेल. त्यासाठी आपण तोंड उघडायचं काय कारण? या घरात तिच्या पोटात काही गोष्टी इतकी वर्षं पडून होत्या, आणखी काही वर्षं पडून राहिल्या असत्या. ती काही कायमची जगणार नव्हती.

मग रामोना बोलली. रामोना दुकानात गल्ल्यावर बसे आणि सासरच्या जेवणात तिला बोलायची वेळ फारशी येत नसे. मान खाली घालूनच ती म्हणाली, नादिरची बायको दर शनिवारी दोन्ही मुलींना घेऊन दुकानात येते, काल आली नाही. मी फोनवर बघितलं. कुणीतरी त्यांची गल्ली लिहिलीय. घराचा नंबर लिहिलाय. मुली कोणत्या शाळेत जातात तेही लिहिलंय.

"मी नाही लिहिलं," फोल्कर म्हणाला.

"तुझ्या गटात लिहिलंय."

"गटात चार हजार माणसं आहेत, रामोना. मी काय प्रत्येकाचा हात धरू?"

"काढून टाकलंस का?"

फोल्करनं फोन तेवढा उलटा ठेवला.

"रात्री त्यांच्या दारावर कुणीतरी लाथा घातल्या," रामोना म्हणाली. "शेजारणीनं सांगितलं. आणि आज तो कामावर आहे. आजच्या दिवशी माळ्याला सुट्टी नसते. तुमची माणसं तीन वाजता जिथं जमणार, तिथल्याच शेडमध्ये तो बसलाय."

गेर्लिंडेच्या हातात चार ताटं होती. ती तिनं परत टेबलावर ठेवली.

तो नादिर कधी तिच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. भरलेली झारी तिच्या हातून घेई आणि पुढं चाले, एवढंच. गुरुवारी सकाळी तो चिठ्ठ्या लावत होता तेव्हा ती तिथं उभी होती. यादीत नाव वाचून तो थबकला होता आणि विचारलं होतं, क्रेचमार बाई, हे तुमचेच ना? कार्यालयाची चूक असेल, मी जाऊन विचारतो. ती म्हणाली होती, चूक नाही. लाव, आणि सरळ लाव. त्यानं सरळ लावली होती. ती निघाली, आणि थोड्याच वेळानं फोल्कर आला.

"ती सही माझी आहे," गेर्लिंडे म्हणाली.

कुणाला कळलं नाही. मार्गिटनं विचारलं, कसली सही?

"तुमच्या बापाच्या जागेची. ऑगस्टात पत्र आलं, मुदत वाढवायची का म्हणून. मी कार्यालयात गेले, नको म्हणून लिहून दिलं आणि सही केली. दगड काढा, माती सारखी करा, गवत लावा म्हटलं. शिवणयंत्राच्या खणात कागद आहे. कुणी काही हिसकावून घेतलेलं नाही. त्या पोरानं मी सांगितलं म्हणून चिठ्ठी लावली."

फोल्कर हसला. हसता हसता उठला, शिवणयंत्राचा खण उघडला आणि कागद काढून उभ्याउभ्याच वाचला. खाली तिची सही होती, लहान मुलानं पाटीवर काढावी तशी मोठाल्या अक्षरांची. चौथ्या इयत्तेनंतर तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं आणि अक्षर तिथंच थांबलं होतं. छापील मजकूर वाचायला तिला वेळ लागे. पण या मुलाचा चेहरा ती छप्पन्न वर्षं वाचत आली होती, आणि तो कुठल्याही कागदापेक्षा सोपा होता. त्याला पटलं. तिनं ते स्पष्ट पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक एक गोष्ट पटत खाली उतरली.

"का?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं सांगायला फार वेळ लागेल, पण चार घासांत संपेल एवढंच होतं ते.

महायुद्धानंतर सायलेशियातून हाकललं तेव्हा, आठ वर्षांची असताना, ती आईबरोबर हातगाडा ओढत या गावात आली, हे मुलांना माहीत होतं. गावानं त्यांना पोलॅक, म्हणजे पोलंडवाले, म्हणून हिणवलं, आमची भाकरी खायला आलेत म्हटलं, हेही माहीत होतं. त्या गोष्टी ती हसत सांगे. जे सांगितलं नव्हतं ते असं. एकसष्ट साली तिची आई गेली तेव्हा आर्नोच्या घरच्यांनी आपल्या जागेत तिला पुरू दिलं नाही. भिंतीकडं, हातगाडे ओढत आलेल्यांच्या ओळीत पुरलं. तिथली ती जागाही आर्नोच्या नावावर होती. पंचवीस वर्षं झाल्यावर पत्र त्याला आलं. त्यानं नको म्हणून लिहून दिलं आणि घरी एक शब्द बोलला नाही. शहाऐंशीच्या मृतांच्या रविवारी ती डहाळ्यांची बादली घेऊन भिंतीशी गेली आणि तिथं गवत होतं.

"मी त्याला विचारलं," गेर्लिंडे म्हणाली. "जेवत होता. मला म्हणाला, तुझी आई कुठून आली ते तरी कुणाला आठवतंय? एवढंच. आणि मीठ मागितलं. मी मीठ दिलं."

 बापाची लाडकी मार्गिट होती. सायकल त्यानं शिकवली होती, पोहणं त्यानं शिकवलं होतं, आणि तो गेला तेव्हा ती आठवडाभर जेवली नव्हती. आता ती खुर्ची मागं सारून उठली.

"पंचवीस वर्षं तू त्यांच्यावर फुलं ठेवलीस," ती म्हणाली. "मला फोन करून सांगायचीस, यंदा पिवळी ठेवली, यंदा जांभळी ठेवली. ते सगळं खोटं?"

"फुलं खरी होती."

"आई, तू सूड घेतलास. मेलेल्या माणसावर."

"जित्यावर घेता आला नाही," गेर्लिंडे म्हणाली. "त्याच्याच घरात राहायचं होतं."

मार्गिटनं डोळे पुसले आणि भावाकडं पाहिलं. मग जे बोलली ते ऐकून रामोनानं मान वर केली. घरची ही घाण आज चव्हाट्यावर आणायची काही गरज नाही, असं मार्गिट म्हणाली. फोल्करनं लोकांना शांत करावं, गैरसमज झाला एवढंच सांगावं आणि सगळ्यांना घरी पाठवावं. आईची सही, आजीची जागा, बाबा काय म्हणाले, यातलं काही सांगायला नको. बाबांचं नाव गावात आहे. फोल्कर म्हणाला, मार्गिट बरोबर बोलतेय. दहा वर्षं ज्यांचं कोणत्या दिशेला सूर्य उगवतो यावरही जमलं नव्हतं त्या भावाबहिणीचं त्या दिवशी एकमत झालं, ते आईचं तोंड बंद ठेवण्यावर.

"गैरसमज झाला म्हणून सांगितलं तर कोण ऐकेल?" गेर्लिंडेनं विचारलं. "चाळीस हजार लोकांना तू सांगितलंयस की थडगं चोरलं. आता कुणी चोरलं नाही हे सांगायचं तर कुणी दिलं तेही सांगावं लागेल. तू सांगणार असशील तर तू सांग. नाहीतर मी सांगते."

"मी बघतो काय ते," फोल्कर म्हणाला. त्यानं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आईला वाटलं, सांगेल. त्याला पटलंय, म्हणजे सांगेल.

रामोनानं तोवर कोट चढवला होता आणि गाडीची किल्ली हातात घेतली होती. नवरा विचारत होता कुठं निघालीस, तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आई, मी आधी त्याच्या बायकोला आणि मुलींना घेते," ती सासूला म्हणाली. "मग मागच्या फाटकानं त्याला. तुम्ही त्या लोकांना पुढं धरून ठेवा. जमेल तेवढा वेळ."

एकतीस वर्षांत या सुनेनं सासूला काही करायला सांगितलं नव्हतं. गेर्लिंडेनं मान हलवली आणि आपली काठी शोधली.

दफनभूमीच्या प्रार्थनाघरापुढं सत्तर-ऐंशी माणसं जमली होती. आरडाओरडा नव्हता. बायका होत्या, कडेवर मुलं होती, कागदी पेल्यात मेणबत्त्या होत्या. ओळखीची तोंडं वीस-पंचवीस असतील. बाकीच्यांनी या मातीत कधी कुणाला पुरलं नव्हतं. काही जवान पोरं काळी जाकिटं घालून शेडच्या वाटेवर उभी होती, जणू सहज उभी आहेत. शेडच्या खिडकीला आतून पोतं लावलेलं होतं.

फोल्कर पायऱ्यांवर चढला. कुणीतरी त्याच्या हातात भोंगा दिला. गेर्लिंडे खाली पहिल्या रांगेत उभी राहिली, मार्गिट तिच्यामागं. आई बघत होती, त्याचा हात कधी खिशाकडं जातो. तो आधी गिरणीबद्दल बोलला. शाळा बंद झाली, डॉक्टर निघून गेला, बस दिवसातून दोनदा येते, याबद्दल बोलला. ते सगळं खरं होतं. लोक माना हलवत होते. गेर्लिंडेनंही हलवली असती. मग तो म्हणाला, हे आपोआप झालेलं नाही. हे कुणीतरी केलंय. एक गाव रिकामं करायचं म्हणजे आधी कामं काढून घ्यायची, मग मुलं, आणि शेवटी मेलेली माणसं.

तिला राहवलं नाही. ती काठी टेकत पायऱ्यांपाशी गेली. वर चढली नाही, गुडघे चढू देत नव्हते. तिथूनच बोलली, आणि भोंग्याशिवाय शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. गिरणीत मागांच्या खडखडाटात पस्तीस वर्षं बोललेला आवाज होता तो.

"मी आर्नो क्रेचमारची बायको. त्याचं थडगं काढा म्हणून मी सही केली. माझ्या मर्जीनं, शुद्धीत. कारण माझं आहे, तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही. बाकीच्या दहा जागांची मुलं म्युनिकला आणि हाम्बुर्गला बसलीत, त्यांनी पत्र फाडून टाकलं असेल. हे गाव कुणी रिकामं केलं नाही. आपली माणसं आपल्या पायांनी गेली. माझी मुलगी गेली, ती मागं उभी आहे. त्या माळ्यानं एक चिठ्ठी लावली, ती मी लाव म्हटलं म्हणून. आता घरी जा."

कोणी ओरडलं नाही. तिला उलट उत्तर द्यायला ती तयार होती. शिव्या दिल्या असत्या तर त्याहून वजनदार शिव्या तिच्यापाशी होत्या. पण एक गोऱ्या गोल चेहऱ्याची बाई पुढं आली, तिनं आपली शाल काढून गेर्लिंडेच्या खांद्यावर घातली आणि म्हणाली, आजी, थरथरताय तुम्ही. कुणीतरी घडीची खुर्ची आणली. कुणी थर्मासातला चहा ओतला. तीन-चार बायका तिच्याभोवती बसल्या आणि तिचे हात चोळू लागल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि फोल्करचा हात खिशाकडं गेला.

"ही माझी आई," तो भोंग्यात म्हणाला. त्याचा आवाज मध्येच अडकला, आणि ते सोंग नव्हतं. "एक्याऐंशी वर्षांची. चार इयत्ता शिकलेली. तिच्यापुढं त्यांनी हा कागद ठेवला. हा बघा. ही सही बघा. हात कसा कापतोय बघा तिचा. आणि आता ती म्हणतेय, मीच केली. कुणाच्याही आईला घाबरवून इथवर आणता येतं. हे आता आपल्या आयांपर्यंत पोचलेत."

सही करताना तिचा हात कापला नव्हता. तिला तसंच लिहिता येत होतं. हे तिनं म्हटलं, पण खुर्चीभोवतालच्या बायका हो आजी, हो आजी म्हणत होत्या. तिनं मार्गिटला शोधलं. मार्गिट सांगू शकली असती. शिकलेली होती, लोकांनी ऐकलं असतं. मार्गिट जमिनीकडं बघत उभी होती आणि तिनं मान वर केली नाही.

फोल्करनं मात्र एकदा आईकडं पाहिलं. जेवणाच्या टेबलापाशी जे त्याच्या चेहऱ्यावर उतरलं होतं ते अजून तिथंच होतं. तो विसरला नव्हता. त्यानं तोंड फिरवलं आणि लोकांना सांगितलं की उद्या सकाळी कार्यालय उघडताच तो जातोय, आणि बापाची जागा आपल्या नावावर करून घेतोय, आणखी पंचवीस वर्षं. मग तो खाली वाकला आणि तिच्यासाठी म्हणून, पण भोंगा तोंडाशीच धरून म्हणाला, "आई, घाबरू नकोस. बाबांशेजारची तुझी जागा आता कोणी घेत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल दिलेली बाई रडत तिच्या गळ्यात पडली.

टाळ्या चालू असतानाच शेडचं दार मोडल्याचा आवाज आला. काळ्या जाकिटांची पोरं आत शिरली. गेर्लिंडे उठायला गेली तर बायकांनी प्रेमानं खाली बसवलं. आतून बादल्या, झाऱ्या, रोपांच्या कुंड्या बाहेर येऊन पडू लागल्या. मग एक केशरी जाकीट बाहेर आलं, कुणीतरी ते काठीवर उंच धरलं, आणि कोणीतरी हसलं. जाकिटात माणूस नव्हता. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि हातातला चहा खाली ओतला.

चार वाजले तसा उजेड गेला. गाड्यांची माणसं गाड्यांकडं निघाली, गावातली सातव्या ओळीकडं. अकरा थडग्यांवर इतक्या डहाळ्या पडल्या की दगड दिसेनात. आर्नोवर सगळ्यात जास्त. मार्गिट तिथं गुडघ्यांवर बसली होती.

रामोना मागच्या फाटकानं आली. बूट चिखलानं भरलेले, ओठ निळे पडलेले. सासूच्या खुर्चीपाशी उकिडवी बसून हळू आवाजात म्हणाली, माझ्या बहिणीकडं सोडलं चौघांना. धाकटी वाटेत ओकली. तो परत येणार नाही म्हणतो, गावातही नाही आणि कामावरही नाही. उद्या पुढं कुठंतरी जातील.

"काही म्हणाला?"

"तुमच्याबद्दल काही नाही." रामोनानं कोटाच्या आतून लांब दांड्याची एक लोखंडी किल्ली काढली. "ही दिली. आज रात्री पारा उणे सहापर्यंत जाणार. नळांतलं पाणी सोडायचं राहिलंय, नाहीतर पाइप फुटतील, म्हणाला. आज संध्याकाळी करणार होता."

गेर्लिंडेनं शाल काढून खुर्चीवर टाकली. रामोनाचा हात धरून उठली. व्हॉल्व कुठं असतो, असं तिनं समोरून जाणाऱ्या दोघातिघांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या तरी झाकणाखाली असेल, असं एकजण म्हणाला आणि मेणबत्ती सांभाळत पुढं गेला. मग दोघी मोठ्या हौदापासून नळाच्या रांगेनं पाय घासत चालू लागल्या. भिंतीजवळ पाचोळ्याखाली काठी खणकन वाजली. रामोनानं झाकण उचललं. गेर्लिंडे एका गुडघ्यावर बसली, मग दुसऱ्या. किल्ली खाचेत बसायला वेळ लागला. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा ती फिरली, आणि पलीकडच्या नळातून उरलेलं पाणी भडभड वाहत वाटेवर आलं.

फोल्कर कधी येऊन उभा राहिला ते त्यांना कळलं नाही. भोंगा हातातच होता, आणि दुसरा हात त्यानं पुढं केला होता, आईला उठवायला की किल्ली घ्यायला, ते सांगता आलं नसतं.

गेर्लिंडेनं वर पाहिलं नाही.

"बाजूला हो," ती म्हणाली. "बूट भिजतील तुझे."